पाला कुणाचा, राख कुणाची?

माघ सरत आला की कृष्णाकाठी दोन प्रकारचा धूर दिसू लागतो. एक साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून निघतो. त्याला उत्पादनाची प्रतिष्ठा आहे, त्याच्या नोंदी आहेत, त्याचा हिशेब वार्षिक सभेपुढे मांडला जातो. दुसरा धूर तोडणी झालेल्या उसाच्या फडांतून सायंकाळच्या सुमारास उठतो. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वाळा धावताना दिसतात, तासाभरात काळी राख उरते आणि सकाळी कुणाला त्याचे काही वाटत नाही. त्याच सुमारास सातारा-सांगलीच्या वस्त्यांतून पिंपळ, वड, शिरीष यांची पानगळ सुरू होते. सफाई कामगार पहाटे पाने लोटून ढीग लावतात आणि पुष्कळदा कुणीतरी त्याच ढिगाला काडी लावून मोकळे होते. या दुसऱ्या धुराची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. वस्तुतः या दोन जिल्ह्यांच्या शेतीचे भवितव्य पहिल्या धुरापेक्षा या दुसऱ्या धुराशी अधिक निगडित आहे.

गळलेले पान हा कचरा आहे, ही समजूत फार जुनी नाही. उकिरडा हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. परंतु दोन पिढ्यांपूर्वी घराची पत उकिरड्याच्या उंचीवरून जोखली जात असे. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, वैरणीचे उरलेले बुडखे आणि परसातला पाला असे सगळे त्या खड्ड्यात जाई आणि मृगाच्या आधी गाडी भरून रानात पडे. त्या व्यवस्थेला कुणी शास्त्र म्हणत नसे. तथापि तिच्यात एक तत्त्व होते : जमिनीतून जे निघाले, त्यातले माणसाने आणि जनावराने खाल्ले तेवढेच बाहेर गेले, बाकीचे जमिनीला परत मिळाले पाहिजे.

हे तत्त्व शब्दांत मांडणारा पहिला मोठा मराठी लेखक ज्या घराण्यातला, त्याचे मूळ गाव याच भूमीतले, खटाव तालुक्यातील कटगुण. जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगताना डोंगरावरच्या पाल्यापाचोळ्याचा विचार केला आहे. डोंगरावरील गवत, पाने, फुले आणि मेलेले जीव कुजून झालेले सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर वाहून नाल्यात जाते. ते शेतात मुरावे म्हणून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत आणि ते काम सरकारने आपल्या पलटणीतील व पोलीस खात्यातील रिकाम्या शिपायांकडून करून घ्यावे, अशी त्यांची सूचना होती. पाल्याचा प्रश्न हा राज्यकर्त्यांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

योगायोग असा की त्याच्या दोनच वर्षे आधी, 1881 साली, इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांचे अखेरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि त्याचा विषय गांडूळ हा होता. गांडुळे रात्री वर येतात, गळलेली पाने टोकाकडून धरून बिळात ओढून नेतात, ती खातात आणि मातीसह विष्ठेच्या रूपाने पुन्हा वर आणून टाकतात, हे डार्विन यांनी अनेक वर्षे निरीक्षण करून लिहिले. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एका एकरातील दहा टनांहून अधिक कोरडी माती दरसाल गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा अंदाज होता. एकाने डोंगरउतारावरून वाहून जाणारे सत्त्व पाहिले, दुसऱ्याने बिळात ओढले जाणारे पान पाहिले. दोघांचा निष्कर्ष मात्र एकच निघतो. मातीचा कस आकाशातून पडत नाही. तो पानातून, कुजण्यातून आणि असंख्य लहान जीवांच्या श्रमातून तयार होतो.

गळलेल्या पानाचे गांडुळांच्या वाफ्यात नेमके काय होते, हे समजून घेतल्याखेरीज पुढची चर्चा पोकळ ठरेल. गांडूळखताच्या वाफ्यात तळाशी जो थर द्यावा लागतो, तो गांडुळांचा बिछाना आणि त्यांचे भांडार अशा दोन्ही नात्यांनी उपयोगी पडतो. त्यात हवा खेळली पाहिजे, ओल टिकली पाहिजे आणि तो सावकाश कुजला पाहिजे. निव्वळ शेण घातले तर ते दडपते, तापते, हवा कोंडते. निव्वळ ओला भाजीपाला घातला तर पाणी सुटून दुर्गंधी येते. वाळलेली पाने हे दोन्ही दोष टाळतात. ती पाणी धरून ठेवतात आणि थरांत पोकळी राखतात. त्यांत कर्ब भरपूर आणि नत्र अल्प असते. शेणात नत्राचे प्रमाण त्या मानाने अधिक असते. दोहोंचे मिश्रण झाले म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंना पुरेसे खाद्य मिळते, आणि गांडूळ प्रत्यक्षात पानापेक्षा या जिवाणूंनी मऊ केलेला अंशच अधिक खात असते.

म्हणूनच ताजा ढीग करून त्यात लागलीच गांडुळे सोडणे ही चूक ठरते. पाने चुरून, भिजवून, शेणकाल्यात कालवून पंधरा-वीस दिवस सावलीत कुजत ठेवावीत. ढिगाची उष्णता निघून गेल्यावरच गांडुळे सोडावीत. वर भिजवलेले गोणपाट असावे. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओला व्हावा, पाण्याची धार लागू नये, एवढीच ओल पुरे. सागाची, आंब्याची, वडाची पाने चिवट असतात, त्यांना अधिक दिवस लागतात. शिरीष, सुबाभूळ, गिरिपुष्प यांचा बारीक पाला लवकर कुजतो. साधारण दोन महिन्यांत काळसर, दाणेदार, मातीचा वास येणारे खत तयार होते. पाणी चार-पाच दिवस बंद केले की गांडुळे ओलीच्या शोधात खाली जातात आणि वरचे खत अलगद काढता येते. या कृतीला यंत्र लागत नाही, परदेशी चलन लागत नाही, इंग्रजी लागत नाही. सावली, शेण, पाला, पाणी आणि मनुष्याचे लक्ष एवढेच तिचे भांडवल आहे.

एवढे सोपे आहे, तर मग काडी का लागते? या प्रश्नाचे उत्तर देताना शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवण्याची सुशिक्षितांना सवय आहे. ते उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. त्यासाठी उसाच्या पाचटाचाच हिशेब मांडला पाहिजे. कारण सातारा-सांगलीत गळलेल्या पानांचा सर्वांत मोठा साठा रस्त्याकडेच्या झाडांखाली नसून उसाच्या फडात असतो.

कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत दिलेले आकडे असे आहेत. एक हेक्टर उसातून 8 ते 10 टन पाचट मिळते. त्यात कर्ब 32 ते 40 टक्के, नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, स्फुरद पाव टक्क्याहूनही कमी आणि पालाश एक टक्क्याच्या जवळपास असते. ते जागीच कुजवले तर 4 ते 5 टन सेंद्रिय खत मिळते. ते पेटवले तर कर्ब आणि नत्र यांचा बहुतांश हवेत जातो. राखेत पालाश आणि स्फुरद यांचा काही भाग उरतो, तोही वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने इकडेतिकडे होतो. याचा अर्थ, हेक्टरमागे चाळीस-पंचेचाळीस किलो नत्र आणि तीन टनांहून अधिक कर्ब एका संध्याकाळी नाहीसा होतो.

आता हाच हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने वाचावा. पंचेचाळीस किलो नत्र म्हणजे युरियाची साधारण दोन पोती. सरकारी अनुदानामुळे ती दोन पोती पाचशे-साडेपाचशे रुपयांत मिळतात. पाचट एक आड एक सरीत लोटायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायचे आणि पाणी देताना सरी तुंबणार नाही हे पाहायचे, या कामाची मजुरी त्या रकमेहून कितीतरी अधिक होते. कुट्टीचे यंत्र आणले तर ट्रॅक्टरचे भाडे वेगळे. काडीपेटीला दोन रुपये पडतात. त्यातच पाचटात उंदीर होतात, खोडव्याचे कोंब दडपतात, सुरुवातीला पीक पिवळे दिसते, अशा तक्रारी आहेत आणि त्या सर्वस्वी खोट्या नाहीत. पाचटातील कर्ब हा नत्राच्या सत्तर-ऐंशी पट असल्यामुळे कुजवणारे जिवाणू आरंभी जमिनीतील नत्र स्वतःसाठी उचलतात. म्हणून तर वरून थोडा युरिया देण्याची शिफारस आहे. थोडक्यात, ज्या वहीत केवळ नत्र आणि मजुरी यांचेच स्तंभ आहेत, त्या वहीप्रमाणे पेटवणारा शेतकरी व्यवहारी ठरतो.

दोष त्या वहीचा आहे. तिच्यात कर्बाचा स्तंभच नाही. तीन टन कर्ब जाळला म्हणून शेतकऱ्याच्या नावे कुठे खर्च पडत नाही आणि राखला म्हणून जमाही होत नाही. जमिनीचा भुसभुशीतपणा, पाणी धरण्याची शक्ती, मुळांना मिळणारी हवा आणि दिलेल्या खताचा पिकाला होणारा उपयोग या सर्वांचा आधार हा कर्ब आहे. तो घटला की तेच उत्पन्न काढायला अधिक खत आणि अधिक पाणी लागते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी क्षारपड आणि पाणथळ झाल्या आहेत. बेसुमार पाणी आणि निचऱ्याचा अभाव ही त्याची मुख्य कारणे असली, तरी निर्जीव, घट्ट झालेली माती हे संकट वाढवते. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या जातात, त्यांत सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. परंतु त्या रकान्यातील आकड्याचा उसाच्या दराशी, कर्जाशी किंवा अनुदानाशी काडीचाही संबंध जोडलेला नाही. रोग लिहून दिला, औषधाची चिठ्ठी मात्र कोरी, असा हा प्रकार आहे.

येथे साखर कारखान्यांचा विचार टाळता येणार नाही. सातारा आणि सांगली हे सहकाराचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांची नेमणूक, वाहतूक आणि वजन यांची सूत्रे कारखान्याच्या हाती असतात. तोडणी केव्हा होणार हे शेतकरी ठरवत नाही. टोळी येते तेव्हा ऊस जातो, आणि मागे उरलेल्या पाचटाची वासलात लावून खोडवा धरायला किंवा पुढचे पीक घ्यायला त्याच्याजवळ मोजके दिवस असतात. या घाईचे मूळ कारखान्याच्या वेळापत्रकात आहे. असे असूनही पाचट हा प्रत्येक सभासदाचा खासगी प्रश्न मानला जातो.

यातील विसंगती विलक्षण आहे. यंत्राने तोडलेला ऊस कारखान्यात आला की त्यात पाचट मिसळले आहे म्हणून वजनातून टक्केवारीने कपात केली जाते. म्हणजे पाचट गव्हाणीपर्यंत आले तर त्याचे वजन आहे, किंमत आहे आणि त्याचा भुर्दंडही आहे. तेच पाचट शेतात राहिले तर त्याला वजन नाही, किंमत नाही आणि धनीही नाही. जी संस्था पाचटाबद्दल कपात करू शकते, तिने पाचट शेतात कुजवल्याबद्दल टनामागे काही रक्कम जमा का करू नये? सहकाराचा अर्थ केवळ साखर एकत्र विकणे असा नव्हता. जमीन ही सहकाराची मूळ ठेव आहे, आणि ठेव जाळून व्याज वाटणारी पेढी फार काळ टिकत नाही.

या प्रश्नाला श्रमाची दुसरी बाजू आहे आणि पाल्याच्या चर्चेत ती बहुधा वगळली जाते. उसाचे पान हाताळणारे पहिले हात ऊसतोड मजुरांचे असतात. बीडकडून आणि याच सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी जतसारख्या तालुक्यातून आलेली जोडपी पहाटेच्या थंडीत कोयत्याने ऊस तोडतात, पाचट सोलतात, मोळ्या बांधतात. पानांच्या करवती कडांनी त्यांचे हात चिरतात. त्यांना मोल मिळते ते टनावर, कारखान्यात पोचलेल्या उसावर. सोललेल्या पाचटाचे मोल नाही. हिरवे वाढे तेवढे जनावरांसाठी किंवा विक्रीसाठी त्यांच्या वाट्याला येते. पाचट ओळीत नीट पसरून ठेवायला त्यांना सांगितले तर ते अधिकचे काम आहे, आणि अधिकचे काम अधिक मजुरीशिवाय सांगणे म्हणजे जमिनीचे ऋण मजुराच्या पाठीवर फेडणे होय. पाचटाची योजना करणाऱ्याने तिच्यात मजुराच्या नावाचा रकाना आधी आखावा.

गावातील गांडूळखताच्या वाफ्यांचीही तीच कथा. हे काम महिला बचतगटांसाठी योग्य आहे, असे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. योग्य का, तर ते घराजवळ होते आणि फावल्या वेळात करता येते. ज्या बाईचा दिवस पाणी, सरपण, धार, भांगलण आणि स्वयंपाक यांत जातो, तिचा फावला वेळ कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही. पाला गोळा करणे, शेण कालवणे, रोज पाणी शिंपडणे, मुंग्यांपासून राखणे, खत चाळणे या सगळ्याला वेळ लागतो. खत तिच्या हातचे, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. म्हणून ते कुणाच्या उसाला पडणार आणि पैसे कुणाच्या खिशात जाणार, हे आधीच ठरलेले असते. पर्यावरणाच्या नावाने बाईच्या बिनमोल कामात आणखी एकाची भर पडणार असेल, तर त्या प्रगतीचे स्वागत करताना थोडे थांबावे लागेल.

शहरात हे हात सफाई कामगारांचे आहेत. कऱ्हाड 2020 साली आणि विटा 2021 साली स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत देशात पहिले आले. या दोन्ही शहरांचा अभिमान वाटावा असेच हे यश आहे आणि कचरा वेगळा करण्याची शिस्त लहान शहरेही पाळू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. उघड्यावर कचरा जाळण्यास 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याबद्दल दंडही ठरवून दिला. परंतु पानांचा ढीग पेटवणारा हात बहुधा अशा माणसाचा असतो की ज्याला रस्ता ठरावीक वेळेत रिकामा दिसला पाहिजे असे सांगितलेले असते. ढीग उचलायला गाडी आणि टाकायला जागा देण्याची जबाबदारी मात्र कुणी घेतलेली नसते. दंडाची पावती फाडायला सोपा असा तोच माणूस सापडतो. प्रत्येक प्रभागात एखादे मैदान, बाग किंवा शाळेचे आवार यांच्या कोपऱ्यात जाळीचा चौकोनी हौद उभारला, तर पानगळीचे दोन महिने सहज निभावतील आणि पुढे वर्षभर बागांना खत पुरेल. याला कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. कदाचित म्हणूनच तो होत नाही.

कारण गेल्या काही दशकांत गांडुळाचाही बाजार झाला आहे. जे काम शेताच्या कडेला फुकट होई, ते आता पिशवीत भरून विकले जाते. गांडुळे किलोवर विकली जातात, प्लॅस्टिकचे तयार वाफे अनुदानावर मिळतात आणि अनुदानाचा फोटो काढून झाल्यावर पुष्कळ वाफे रिकामे पडतात. वाफ्यात वाढवल्या जाणाऱ्या ‘आयसेनिया फेटिडा’सारख्या तांबूस जाती पृष्ठभागावरच्या कुजणाऱ्या थरात राहणाऱ्या आहेत, नांगरलेल्या, उघड्या, तापलेल्या काळ्या रानात त्या टिकत नाहीत. रानातली खोल बिळे करणारी देशी गांडुळे वेगळी. त्यांना विकत आणावे लागत नाही. त्यांना डोक्यावर पाल्याचे पांघरूण आणि पायाखाली ओल मिळाली की ती आपणहून येतात. म्हणून फडात आग लावून त्याच फडासाठी बाजारातून गांडूळखताची गोणी आणणारा शेतकरी स्वतःचे अंथरूण जाळून भाड्याची गादी आणतो, असेच म्हणावे लागेल. वाफा हवाच, परंतु तो रानातल्या पाल्याची जागा घेऊ शकत नाही. वाफ्यातले खत रोपवाटिका, भाजीपाला, परसबाग यांना पुरते. उसाच्या शेकडो एकरांसाठी फड हाच वाफा मानला पाहिजे.

याचा अर्थ जेथे पान दिसेल तेथून ते उचलावे, असाही नव्हे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत जुनी आहे. फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर देऊन ते पेटवतात आणि त्या जागी रोपे टाकतात. उसाचे पाचट पेटवणे आणि राब भाजणे एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. तण मारण्याचा आणि मूठभर राखेवर रोपे वाढवण्याचा तो गरिबाचा उपाय होता. त्याला पर्याय द्यायचा तर आधी गादीवाफे, शेणखत आणि मजुरीची सोय हाती द्यावी, मग उपदेश करावा. त्याचप्रमाणे कोयना-चांदोलीच्या रानातला पाला पोत्यांनी भरून खतासाठी विकण्याचा धंदा सुरू झाला, तर तो जंगलाच्या तोंडचा घास ठरेल. जंगलाची जमीन हाच तेथील गांडुळांचा वाफा आहे. आणि माण, खटाव, आटपाडीच्या माळावर पान आधी शेळीच्या तोंडी जाते, ते योग्यच आहे. तेथे लेंडीच्या रूपाने ते जमिनीला परत मिळते. पाला सर्वत्र सारखा उरत नाही. जेथे तो डोंगराएवढा उरतो, तेथेच तो जाळला जातो, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

हे सगळे नव्याने शिकण्याची वेळ या दोन जिल्ह्यांवर यावी, हे थोडे आश्चर्याचे आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदारांबरोबर काम करणारे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांच्या स्वाध्यायाची जी चळवळ उभी केली, तिचा पाया हाच होता. सूर्यप्रकाश पानात साठतो, पान मातीत साठते, आणि ही साठवण मोजत, नोंदी ठेवत, एकमेकांना सांगत शेतकऱ्याने स्वतःच शास्त्रज्ञ व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. झाडाचा प्रत्येक टाकाऊ भाग मातीला परत देऊन थोड्या जमिनीत पुरेसे पिकवता येते, हे दाखवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. तासगावच्या बागांनी त्या शिक्षणातून द्राक्षाची कीर्ती मिळवली. पाल्याचा धडा मात्र उसाच्या पट्ट्याने घेतला नाही. द्राक्षाच्या बागेत शेतकरी रोज वेलीसमोर उभा असतो. उसाच्या फडात तो लागण आणि तोडणी यांच्या मध्ये पाण्याच्या पाळीपुरता येतो. निरीक्षण कमी झाले की काडी जवळची वाटते, हेही त्याचे एक कारण असावे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, साखर कारखान्यांनी तोडणीच्या करारातच पाचटाची तरतूद करावी. मजुरांच्या टोळीला पाचट सरीत पसरवण्याचा वेगळा दर, कारखान्यामार्फत कुट्टी यंत्रांची सामाईक व्यवस्था आणि पाचट न जाळणाऱ्या सभासदाला टनामागे ठरावीक रक्कम, अशा तीन कलमांनी हे काम होऊ शकते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 पासून फलटण तालुक्यात आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून आहे. शास्त्र कमी पडलेले नाही. वार्षिक सभांतून हा ठराव मांडणारे सभासद कमी पडले आहेत. दुसरी गोष्ट, नगरपालिकांनी पानगळीचे वेळापत्रक आधीच आखावे, प्रभागवार हौद बांधावेत आणि सफाई कामगारांना त्या कामाची वेगळी मजुरी द्यावी. तिसरी गोष्ट, बचतगटांच्या वाफ्यांतील खत पंचायतीने आणि नगरपालिकेने ठरावीक दराने, बाईच्या नावे, तिच्याच खात्यावर पैसे जमा करून विकत घ्यावे.

चौथी गोष्ट शाळांची. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेली रयत शिक्षण संस्था 1919 साली कऱ्हाडजवळ काले येथे स्थापन झाली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करीत शिकण्याची शिकवण बहुजनांच्या मुलांना दिली. सातारा-सांगलीतील अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत आज मोठी झाडे आहेत. त्या झाडांची पाने आवारातच कुजवून त्याच आवाराच्या बागेला घालणे, त्याचे वजन मुलांनी वहीत लिहिणे, ओल आणि उष्णता मोजणे, याहून चांगला विज्ञानाचा तास सापडणे कठीण आहे. अट एवढीच की हे काम शिक्षेसारखे लादले जाऊ नये आणि झाडू केवळ ठरावीक मुलांच्याच हाती जाऊ नये. वर्गातील प्रत्येकाची पाळी यावी. पाल्याचा ढीग उपसणे हे हलके काम आहे ही समजूत जातिव्यवस्थेने दिलेली आहे. ती मोडण्याची जागाही शाळेचे आवार हीच आहे.

या उपायांवर आक्षेप येतील. खर्चाचा प्रश्न विचारला जाईल. तो जरूर विचारावा. मात्र त्याबरोबर जळालेल्या कर्बाचा, बिघडलेल्या जमिनीचा आणि सायंकाळच्या धुरात दम्याने कासावीस होणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा खर्च कोण भरतो, हेही विचारावे. आज तो खर्च पुढच्या पिढीच्या नावे टाकला जातो, आणि त्या पिढीची सभेत सही नसते.

गांडुळाला मालकी कळत नाही. पान पाटलाच्या वडाचे असो की रस्त्यावरच्या पिंपळाचे, ते सारख्याच निष्ठेने खाली ओढते आणि मातीच्या स्वाधीन करते. मनुष्याने मात्र पाल्याचा नफा आणि राख यांची वाटणी करून ठेवली आहे : साखर एकीकडे, राख दुसरीकडे, कीर्ती एकीकडे, चिरलेले हात दुसरीकडे. ही वाटणी बदलली तरच फडातील आग विझेल. येत्या हंगामात धुराड्यांबरोबर फड पेटू लागण्यापूर्वी, गावोगावच्या सभासदांनी आपल्या कारखान्याच्या सभेत एकच प्रश्न उभा करावा : उसाचे वजन कारखान्याने केले, पाचटाचे वजन कोण करणार?